सिएराची आई

नोव्हेंबर २०२५मध्ये टाटांनी सिएरा पुन्हा बाजारात आणली आणि पन्नाशीकडं झुकलेल्या निम्म्या मराठी पुरुषांना गहिवरून आलं. ती छताकडं वळलेली मागची काच, ती तीन दारं, कुणाच्या तरी मामाकडं असलेली ती एकच लाल गाडी. लेखांचा पाऊस पडला. त्या पावसात मी एक नाव शोधत होतो, ते क्वचितच कुठं दिसलं, तेही अर्ध्या ओळीत. टाटामोबाइल २०६. टाटांच्याच टेल्कोनं १९८८ साली काढलेली पिकअप. १९९१ची सिएरा तिच्याच सांगाड्यावर उभी राहिली, पुढच्या वर्षीची इस्टेटही तिथूनच आली आणि १९९४ची सुमोही त्याच घराण्यातली. लेकीचं बारसं दुसऱ्यांदा थाटात झालं आणि आईला आमंत्रणही नाही, याचा मला राग आहे.

टाटामोबाइल आली ती वर्षं पुण्यात कारखान्याबाहेरच्या बातम्यांची होती. टेल्कोतला संप, शनिवारवाड्यावरचं कामगारांचं उपोषण, १९८९ची धरपकड. त्यावर लिहिणारे माझ्याहून जाणते आहेत. आमच्या घरी ही गाडी उशिरा आली, जुनी होऊन, नव्वदीच्या सुरुवातीला. तासगावकडचा द्राक्षपट्टा तेव्हा पैशाच्या नव्हे, पण उमेदीच्या भरात होता. आमच्या अण्णांना ट्रॅक्टर-ट्रॉली नको होती आणि टाटांची ४०७ परवडत नव्हती. दोन्हींच्या मधलं जे काही मिळालं ते हे.

गाडी खरोखर चांगली होती. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद सत्तर घोड्यांच्या आत, पण रिकामी असली की मोटारीसारखी पळायची. त्या काळी बहुतेक मालवाहू गाड्यांत बसलं की पाठीचे मणके मोजून व्हायचे. हिच्यात दोघं माणसं मुंबईपर्यंत जाऊन परत बोलण्याच्या मनःस्थितीत असायची. रात्री कराड, सातारा, खंबाटकी घाट उतरून पहाटे मुंबई. क्रॉफर्ड मार्केटकडचा फळबाजार १९९६ साली वाशीला गेला, तेव्हा आमच्या चुलत्यांनी तो जणू त्यांना न विचारता हलवला अशा थाटात शिव्या घातल्या. एक्स्प्रेस-वे अजून व्हायचा होता. खंडाळ्याच्या घाटात भरलेल्या गाडीचा ब्रेक तापल्याचा वास आजही मला सेंटच्या बाटलीपेक्षा लवकर ओळखू येतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या गाडीला आम्ही काय काय केलं याबद्दल. कंपनीनं दिलेल्या रूपात ती आमच्याकडं एक हंगामसुद्धा राहिली नाही. पहिल्यांदा मागचे पाटे. पेट्या भरल्या की गाडीचं नाक आभाळाकडं जायचं, म्हणून मिरजेच्या मिस्त्रींनी दोन जादा पानं घातली. मग गाडी रिकामी असताना उड्या मारू लागली. त्यावर मिस्त्रींचं उत्तर होतं, ‘रिकामी फिरवायची कशाला?’ मग हौद्याच्या फळ्यांची उंची अँगल लावून वाढवली, ताडपत्रीसाठी पाइपच्या कमानी आल्या, फाळक्याला साखळीऐवजी बिजागरीची कडी आली.

हौद्याचा तळ मात्र मोरचुदानं खाल्ला. द्राक्षबागेला बोर्डो मिश्रण मारायचं म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचुदाचं पाणी लोखंडाला सोडत नाही. त्यातलं तांबं लोखंडावर चढतं आणि लोखंड विरघळून जातं. पिपं कितीही बुचं लावून ठेवा, वळणावर सांडायचंच. दोन पावसाळ्यांत पत्र्याची चाळण झाली. मिस्त्रींनी सगळा तळ गॅसनं कापून काढला, चेकर्ड प्लेट बसवली आणि वर बाभळीच्या फळ्या ठोकल्या. चॅसीच्या आडव्या पट्ट्यांना डांबर फासलं. रंगाच्या वेळी लांबी भरून, वॉटरपेपरनं घासून, फवाऱ्यानं रंग मारून झाला. मग पेंटर आला आणि हौद्याच्या दोन्ही बाजूंना ग्रामदैवताचं नाव त्यानं ब्रशनं, हातानं, खडूची रेघही न मारता लिहिलं. आज स्टिकर चिकटवणाऱ्यांना सरळ रेघेसाठी मशीन लागतं.

पुढची वीस वर्षं मी भरभर उलटतो. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती (एस) आला आणि गल्लीबोळाची भाडी त्यानं नेली. लांबची बोलेरो पिकअपनं नेली. वायुप्रदूषणाचे भारत टप्पे एकेक करत २०२०मध्ये सहाव्यावर पोचले. पिकअप ही हौसेची वस्तू असू शकते हे मराठी माणसाला व्ही-क्रॉस आणि हायलक्सनं शिकवलं. आता छतावर दिव्यांची पट्टी, गुडघ्याएवढी चाकं आणि हौद्यात पोत्याची एक सुतळीही नाही. त्यांचा हौदा बघितला की मला न वापरलेलं देवघरातलं चांदीचं ताट आठवतं.

आमची गाडी गोठ्यामागं उभी होती. पुतण्यानं ती आता बाहेर काढली आहे आणि कामाला लावायची म्हणतो. सामानाची अडचण वाटते तेवढी नाही. सुमो २०१९पर्यंत निघत होती आणि जुन्या सुमोशी इंजिनाचं बरंच सामान सारखंच. पुण्याच्या नाना पेठेत आणि कुर्ल्याच्या भंगारात बाकीचं सापडतं. काचेच्या रबरांनी तेवढं रडवलं. इंजिन उतरवलं, बोअर झालं, फ्युएल पंप कॅलिब्रेट झाला. गाडी सुरू झाली तेव्हा शेजारची म्हातारी ‘अण्णांची गाडी’ म्हणून बाहेर आली.

खरी अडचण मग सुरू झाली. जुन्या गाड्यांचे हौशी लोक पुतण्याला सांगू लागले की ती ‘ओरिजिनल’ करायला हवी. म्हणजे बाभळीच्या फळ्या काढा, कमानी कापा, जादा पाटे उतरवा, नाव पुसा. मी विचारलं, कुठल्या तारखेची ओरिजिनल? कारखान्याच्या फाटकातून निघाली त्या सकाळची? त्या सकाळनंतर ही गाडी जी काही झाली ती मिरजेत झाली. मोटारीची पुनर्बांधणी करताना मूळ रूप ही देवाची मूर्ती असेल, पण मालाच्या गाडीचं मूळ रूप हे नुसतं कोरं पान. तिच्यावर लिहिलेलं खरवडून कोरं पान जपायचं यात कसली निष्ठा?

कायद्यालाही तिच्यासाठी जागा नाही. २०२१मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी दिली. पण गाडी पन्नास वर्षांपुढची हवी, मूळ रूपातली हवी आणि खासगी वापराची हवी. राबलेली गाडी पहिल्या पायरीवरच बाद. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये सांगून ठेवलंय की नोंदणीपुस्तकात उत्पादकाचा जो तपशील आहे त्याच्याशी न जुळणारा बदल चालणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते समजतं. त्यातून वाट निघते ती मात्र एवढीच: गाडी बदलाल तर आरटीओत पासिंग अडेल, न बदलाल तर ती आमची राहणार नाही. खासगी मोटारीची पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, तरी त्या मालकांकडं सहानुभूतीनं पाहिलं जातं. जुन्या मालवाहू गाडीचा मालक म्हणजे धूर सोडणारा गुन्हेगार.

सध्या पुतण्या आणि आरटीओचा एजंट यांच्यात रोज फोन चालू आहेत. कमानी कापल्या. फळ्यांवर कुणाचा आक्षेप नाही, कारण हौद्यात वाकून कुणी बघत नाही. वाद जादा पाट्यांचा आहे. एजंट म्हणतो, काढा आणि पासिंग झाल्यावर पुन्हा घाला. पुतण्या म्हणतो, एवढं खोटं कशाला. मी पुतण्याच्या बाजूनं आहे, पण पैसे त्याचे जाणार आहेत, त्यामुळं माझ्या मताला फारशी किंमत नाही.