बँडचा टी-शर्ट आणि दानाचा हिशेब



ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुलं आहेत, त्यांना हा संवाद ओळखीचा वाटेल. मुलगी एखाद्या बँडच्या कार्यक्रमाला जाते आणि येताना तीस-पस्तीस डॉलरचा काळा टी-शर्ट घेऊन येते. "अगं, एवढ्या पैशांत सेलमध्ये तीन आले असते!" असं आई म्हणते, तर उत्तर तयार असतं, "आई, हे पैसे चॅरिटीला जातात!" आता यावर काय बोलणार? दानधर्माला नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. पण हे पैसे खरंच जातात का? किती जातात? आणि जातात ते कुठे? या लेखात तेच जरा समजून घेऊ. मुलांशी बोलायला तर उपयोग होईलच, शिवाय आपल्या मंडळांनाही यातून घेण्यासारखं बरंच आहे.

इंडी म्हणजे काय?

आधी एक खुलासा. 'इंडी रॉक'चा आपल्या इंडियाशी काहीही संबंध नाही! इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र, त्याचं हे आटोपशीर रूप. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात उभं न राहता, स्वतःच्या किंवा मित्रांच्या छोट्या कंपनीतून गाणी काढणारे ते इंडी. वॉशिंग्टनमधली डिसकॉर्ड ही अशी कंपनी १९८० साली सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायनातली मर्ज रेकॉर्ड्स ही कंपनी १९८९ मध्ये सुपरचंक या बँडमधल्याच दोघांनी काढली. छोटी कंपनी म्हणजे छोटं काम असं मात्र समजू नका. याच मर्जने अमेरिकेत काढलेल्या आर्केड फायर या बँडच्या अल्बमला २०११ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

स्वतंत्र असण्याचा एक फायदा आपल्या विषयाशी निगडित आहे. कोणती वस्तू विकायची, किती किमतीला विकायची आणि पैसे कुणाला द्यायचे, हे ठरवायला यांना वरच्या साहेबाची परवानगी लागत नाही. चार-पाच जण बसले, ठरवलं आणि आठवड्याभरात विक्री सुरू!

टी-शर्टच का?

पूर्वी कॅसेट, मग सीडी विकून थोडे पैसे सुटायचे. आता गाणी इंटरनेटवर ऐकली जातात आणि एकदा गाणं ऐकलं गेलं तर त्याचे कलाकाराला एक सेंटसुद्धा मिळत नाही. त्यामुळे दौऱ्यावर निघालेल्या छोट्या बँडचं पोट बऱ्याचदा दाराजवळच्या त्या टेबलावर अवलंबून असतं. त्यावर टी-शर्ट, पोस्टर, टोप्या, पिशव्या आणि पुन्हा आवडीने घेतल्या जाणाऱ्या काळ्या तबकड्या मांडलेल्या असतात. या सगळ्याला मुलं 'मर्च' म्हणतात.

म्हणजे बँड जेव्हा टी-शर्टचे पैसे दान करतो, तेव्हा तो वरकमाई देत नसतो. बऱ्याचदा तो आपल्या पेट्रोलचे पैसे देत असतो. हे लक्षात घेतलं की त्या दानाची किंमत कळते.

याला अपवादही आहेत. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने टी-शर्ट वगैरे विकायलाच नकार दिला. तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं आणि आपल्या गावात वाजवायचं ते सहसा कुठल्यातरी चांगल्या कामासाठी, असा त्यांचा शिरस्ता होता. वस्तू विकल्याशिवाय दान करता येत नाही असं मुळीच नाही!

३० डॉलरचं गणित

आता हिशेबाची वही उघडू. समजा, टी-शर्टची किंमत ३० डॉलर आहे. कापड आणि छपाईचे ९, क्रेडिट कार्डाचा १, वाहतूक आणि चित्रकाराचे २. शिवाय अनेक सभागृहं आपल्या दारात झालेल्या विक्रीतून हिस्सा मागतात. तो २० टक्के धरला तर ६ डॉलर. एकूण खर्च १८, उरले १२. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, प्रत्येक बँडचे वेगळे असतात.)

आता टेबलावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा.

- 'सर्व रक्कम दान' असेल तर संस्थेला ३० डॉलर मिळतात आणि १८ डॉलरची झळ बँड सोसतो.
- 'सर्व नफा दान' असेल तर १२ डॉलर.
- 'विक्रीच्या १० टक्के' असेल तर ३ डॉलर.
- 'नफ्याच्या १० टक्के' असेल तर फक्त १ डॉलर २० सेंट!
- 'काही भाग दान' एवढंच लिहिलं असेल तर... देव जाणे!

टी-शर्ट तोच, भावना तीच, पण एका शब्दाने तीसाचे सव्वा होतात. यात फसवणूक असतेच असं नाही. छोट्या बँडला १० टक्केच परवडत असतील तर तेही फूल ना फुलाची पाकळी. मात्र आकडा स्पष्ट लिहायला हवा.

सभागृहाच्या हिश्श्यावर अलीकडे बराच वाद झाला. ब्रिटनमध्ये फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलाकारांच्या संघटनेने २०२२ मध्ये हिस्सा न घेणाऱ्या सभागृहांची यादी प्रसिद्ध केली. अमेरिकेत लाइव्ह नेशन या बड्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्लबांमध्ये हा हिस्सा घेणार नसल्याचं जाहीर केलं. वरच्या गणितात ते ६ डॉलर वाचले तर दानाचे १२ चे थेट १८ होतात.

चोख कामाची काही उदाहरणं

न्यू जर्सीकरांनो, पहिलं उदाहरण तुमच्या शेजारचं आहे. जर्सी सिटीत डब्ल्यूएफएमयू नावाचं रेडिओ केंद्र आहे. जाहिराती नाहीत, सगळा कारभार श्रोत्यांच्या देणग्यांवर. दरवर्षी ते निधी गोळा करण्याचा मोठा कार्यक्रम करतात आणि देणगीदारांना टी-शर्ट, मग अशा भेटवस्तू देतात. होबोकनच्या यो ला टेंगो या बँडने १९९६ पासून त्यात एक गंमत सुरू केली. श्रोत्याने देणगी कबूल करायची, गाण्याची फर्माईश करायची आणि बँडने ते तिथल्या तिथे, तालमीशिवाय वाजवून दाखवायचं! चुका झाल्या तरी श्रोते खूश, केंद्रही खूश. याच बँडने २००१ पासून हनुकाच्या, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या, आठ रात्री होबोकनच्या मॅक्सवेल्समध्ये कार्यक्रम करण्याचा पायंडा पाडला. मिळकत वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या संस्थांना. मॅक्सवेल्स २०१३ मध्ये बंद झालं, तरी २०१७ मध्ये हा उपक्रम मॅनहॅटनच्या बॉवरी बॉलरूममध्ये पुन्हा सुरू झाला.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या रेडिओहेडचं. हा बँड आता फार मोठा आहे, पण २०१९ मध्ये आपला कारभार आपणच पाहत होता. जूनमध्ये त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा साठा चोरीला गेला. ते बाहेर येऊ द्यायचं नसेल तर दीड लाख डॉलर द्या, अशी मागणी झाल्याचं बँडने सांगितलं. यांनी काय करावं? खंडणी देण्याऐवजी सुमारे १८ तासांची सगळी ध्वनिमुद्रणं स्वतःच १८ पौंडांना, फक्त १८ दिवस विकायला ठेवली. पैसे एक्स्टिंक्शन रिबेलियन या पर्यावरणवादी चळवळीला. त्या चळवळीच्या मार्गाबद्दल मतभेद असू शकतात. पण वस्तू कोणती, किंमत किती, मुदत किती आणि पैसे कुणाला, या चारही गोष्टी ग्राहकाला पहिल्याच दिवशी ठाऊक होत्या.

विक्रीची जागा कोणती यालाही महत्त्व आहे. बँडकँप या संकेतस्थळावर कलाकार आपली गाणी आणि वस्तू थेट विकतात. संकेतस्थळ वस्तूंवर १० टक्के आणि गाण्यांवर साधारण १५ टक्के घेतं. कोविडमुळे सगळे दौरे रद्द झाले तेव्हा २० मार्च २०२० या दिवशी त्यांनी आपला हिस्सा सोडून दिला. त्या एका दिवसात रसिकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली! पुढे १९ जून २०२० रोजी बँडकँपने आपला त्या दिवसाचा सगळा हिस्सा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड या संस्थेला दिला.

शेवटचं उदाहरण जरा हळवं आहे. स्कॉटलंडच्या फ्राइटन्ड रॅबिट बँडचा गायक स्कॉट हचिसन नैराश्याबद्दल आपल्या गाण्यांतून मोकळेपणाने बोलायचा. मे २०१८ मध्ये तो गेला. घरच्यांनी २०१९ मध्ये मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी टायनी चेंजेस ही संस्था काढली. हे नाव त्याच्याच गाण्यातल्या शब्दांवरून घेतलं आहे. त्याच वर्षी इतर कलाकारांनी त्याची गाणी गायलेला अल्बम निघाला आणि त्यालाही हेच नाव दिलं गेलं. मंडळी, आपल्याकडे या विषयावर घरात बोलणं अजून जड जातं. मुलाच्या अंगावरचा एखादा टी-शर्ट अशा संस्थेचा असेल, तर किमतीवरून वाद घालण्याआधी "हे कोणाचं काम आहे रे?" एवढं विचारून पाहा. कदाचित एरवी न होणारं बोलणं त्यातून सुरू होईल.

कागदपत्रं आधी, गाणं नंतर!

चांगला हेतू कागदपत्रांविना कसा अडकतो याचं सर्वांत मोठं उदाहरण इंडी बँडचं नाही, पण आपल्या जिव्हाळ्याचं आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर यांच्या आग्रहावरून जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी दोन कार्यक्रम केले. उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ साथीला होते. सुमारे ४०,००० लोक आले आणि तिकीटविक्रीतले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. नंतरच्या अल्बमची आणि चित्रपटाची कमाई मात्र याहून कितीतरी मोठी होती. पण करमाफीची व्यवस्था आधी केलेली नसल्याने त्यातले लाखो डॉलर अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात जवळजवळ दहा वर्षं अडकून पडले. निर्वासितांची भूक काही दहा वर्षं थांबत नाही!

खरेदी करताना काय पाहावं?

संस्थेचं पूर्ण नाव लिहिलंय का, ते आधी पाहा. 'गरजूंना मदत' हे नाव नव्हे. नाव मिळालं की अमेरिकेत आयआरएसच्या आणि इंग्लंडमध्ये चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर ते फुकट तपासता येतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९२ च्या कायद्याने अशा विक्रीवर नियम आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये धंदेवाईक विक्रेत्याने संस्थेशी लेखी करार करून तिला किती मिळणार ते सांगावं लागतं.

करसवलतीबद्दलही गैरसमज नको. बँडकडून टी-शर्ट घेतला तर ती खरेदी, दान नव्हे. नोंदणीकृत संस्थेला १०० डॉलर देऊन २० डॉलरचा टी-शर्ट मिळाला, तर अमेरिकेत साधारणपणे ८० डॉलरच दान धरले जातात. ब्रिटनमध्ये गिफ्ट एडमुळे संस्थेला दर पौंडामागे २५ पेन्स जादा मिळतात, पण वस्तूच्या खरेदीवर नाहीत. तेव्हा टी-शर्टची हौस नसेल तर सरळ संस्थेला चेक पाठवावा, हे उत्तम!

आणि आपली मंडळं?

गणेशोत्सवाचे टी-शर्ट, ढोल-ताशा पथकाचे कुडते, दिवाळी अंक हे आपलं मर्चच की! दुष्काळ आला, पूर आला की आपण निधीसाठी धावतो. तेव्हा या पोरांकडून तीन गोष्टी शिकाव्यात.

पहिली, ऑर्डर आधी घ्या, छपाई नंतर करा. वरच्याच गणितात २०० टी-शर्ट विकले तर २,४०० डॉलर सुटतात. पण ३०० छापले आणि १०० खजिनदारांच्या गराजमध्ये पडून राहिले, तर त्यांचे ९०० डॉलर त्यातूनच जातात आणि हाती उरतात १,५००.

दुसरी, पैसे भारतात पाठवायचे असतील तर संस्था आधी तपासा. परदेशातलं मंडळ हे भारतीय कायद्याच्या दृष्टीने 'विदेशी स्रोत' ठरतं. त्यामुळे घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे आधी तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवेत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तींनाही हेच लागू आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र यात मोडत नाही.

तिसरी आणि सर्वांत सोपी, हिशेब छापा. किती विकले, किती खर्च झाला, किती पाठवले आणि पावतीचा क्रमांक काय, या चार ओळी मंडळाच्या पानावर आल्या की पुढच्या वर्षी लोक न मागता देतात.

आपल्याकडे दान सत्पात्री असावं असं म्हणतात. पात्र कोण, हे ठरवायला भावना पुरते. पण त्या पात्रात नेमकं किती पडलं, हे मात्र मोजूनच पाहावं लागतं. काय, पटतंय ना?