पाठभेदांची संहिता आणि कमांड लाइनवरील पॅरामीटर

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुढे राजवाड्यांनी छापलेल्या प्रतीने एकनाथपूर्व पाठाचा प्रश्न ऐरणीवर आणला. अशा ग्रंथाची पाठचिकित्सक आवृत्ती एक्सएमएलमध्ये सिद्ध करताना सर्व पाठभेद एकाच फाइलीत, प्रत्येकास प्रतीचे नाव जोडून, नोंदविता येतात. त्यांतून कोणत्या प्रतीचा पाठ छापावयाचा, हे स्टाइलशीट ठरविते. प्रत्येक प्रतीसाठी निराळी स्टाइलशीट लिहिणे अनावश्यक होय. तीत ‘प्रत’ नावाचा एक पॅरामीटर घोषित करावा आणि त्याचे मूल्य आज्ञा देतेवेळी बाहेरून पुरवावे. ही सोय १९९९ च्या एक्सएसएलटी १.० पासूनच आहे.

तथापि येथे एक सूक्ष्म धोका संभवतो. एक्सएसएलटीप्रोक या प्रक्रियकात मूल्य देण्याचे दोन मार्ग आहेत. ‘स्ट्रिंगपॅरम’ या पर्यायाने दिलेला शब्द जसाच्या तसा शब्द म्हणून पोहोचतो. ‘पॅरम’ने दिलेले मूल्य मात्र एक्सपाथची पदावली म्हणून वाचले जाते. त्यामुळे ‘राजवाडे’ हा शब्द आतील अवतरणचिन्हांवाचून दिल्यास प्रक्रियक त्या नावाचा घटक संहितेत शोधतो. तो नसल्याने हाती रिक्त संच येतो आणि कोणतीही तुलना जुळत नाही. त्रुटीची सूचनाही मिळत नाही. स्टाइलशीटमध्ये ‘अन्यथा मुख्य पाठ घ्यावा’ अशी तरतूद असल्यास (आणि ती बहुधा असतेच) फाइलीस नाव राजवाडे प्रतीचे व आत मात्र संपादकाने मुख्य मानलेला पाठ, असा प्रकार घडतो. लेखनिकाचा प्रमाद निदान हस्ताक्षरावरून ताडता येतो. हा प्रमाद तर सुबक छापून येतो. पॅरामीटरचे नाव लिहिताना चूक झाली, तरीही स्टाइलशीटमधील पूर्वनियोजित मूल्य मुकाट्याने वापरले जाते.

सॅक्सनमध्ये नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य अशी सुटसुटीत रचना आहे. तेथे मूल्य सामान्यतः शब्दच मानले जाते. शिवाय २००७ च्या एक्सएसएलटी २.० मध्ये पॅरामीटर अनिवार्य ठरविता येतो. एक्सएसएलटीप्रोक १.० पुरताच मर्यादित असल्याने तेथे ही दक्षता संपादकानेच घ्यावयाची. पूर्वनियोजित मूल्य रिक्त ठेवावे. आलेले नाव फाइलीतील प्रतींच्या यादीत आढळले नाही, तर संदेश देऊन रूपांतर तेथेच थांबवावे. वापरलेली आज्ञा प्रतपरिचयासोबत अक्षरशः नोंदवावी, म्हणजे दुसऱ्या अभ्यासकास तोच पाठ पुन्हा काढून पडताळता येईल.