तीन फुटांचा पट्टा

कोल्हापुरात गाळ्याची किल्ली हातात पडली की दुकानदाराच्या डोक्यात मालाच्या आधी बोर्ड येतो. शटरच्या डब्यावरून इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवा पट्टा गेलेला असतो. त्यातला आपला तुकडा किती, हे माणूस भाडेकरारावर सही करण्याआधी बघून घेतो. पट्टा साधारण तीन फूट उंच, रुंदी गाळ्याइतकी, म्हणजे दहा-बारा फूट. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीच्या मध्यावर आपली हद्द संपते. नकाशावर एवढं सोपं आहे. भिंतीवर ते कसं उतरतं हे बघायला मी राजारामपुरीतल्या एका तीनमजली कॉम्प्लेक्ससमोर बोर्ड बसवणाऱ्यांच्या मागे मागे फिरत होतो.

मिस्त्री मूळचा पेंटरच्या घरातला. वडील ब्रशने पाट्या रंगवायचे. याच्याकडे आता उद्यमनगरात वेल्डिंगचं शेड आणि कॉम्प्युटरवर डिझाइन करणारा एक पोरगा आहे. आल्या आल्या त्याने टेप काढला आणि ज्याचं काम होतं त्याचा गाळा सोडून डावी-उजवीकडचे बोर्ड मोजायला लागला. नव्या मालकाला काही कळेना. मिस्त्री म्हणाला, "मालक, आधी शेजाऱ्याचं माप घ्यायचं. आपलं काय, कुठं पळून चाललंय?"

त्याचं बरोबर होतं. डावीकडच्या कापडवाल्याचा बोर्ड तीन फूट दोन इंच भरला, उजवीकडच्या मोबाइल शॉपीचा तीन फूट पाच. गाळेधारकांच्या बैठकीत ठराव झालेला: सगळ्यांचे बोर्ड पट्ट्यात, वरची रेघ एक, भिंतीपासून सहा इंचांपेक्षा पुढे यायचं नाही. ठरावाची प्रत प्रत्येकाच्या गल्ल्यात आहे, आणि तो पहिल्यांदा कोणी मोडला हेही प्रत्येकाला पाठ आहे. पहिल्याने दोन इंच घेतले म्हणून दुसऱ्याने त्यावर आणखी तीन घेतले. आता तिसरा येणार म्हटल्यावर दोघेही शेजारी पानाच्या टपरीवर उभे राहून काम बघत होते. महापालिकेचा माणूस कधी येईल ते सांगता येत नाही. शेजारी मात्र दिवसभर समोरच असतो, आणि माप तोही टेपनेच घेतो.

खरी रस्सीखेच जिन्याच्या तोंडाशी. तळमजल्यावाल्याला पट्टा मिळतो, वरच्यांना काय? पहिल्या मजल्यावर क्लास, दाताचा दवाखाना, टेलर. दुसऱ्यावर सीए आणि एक कुरिअरवाला. या सगळ्यांना खाली, रस्त्यावरून दिसेल असं नाव हवं. मग जिन्याच्या बाजूच्या खांबावर एकाखाली एक पाट्या चढतात, बाण काढले जातात, 'वर या' लिहिलं जातं. खांब कोणाचा? सामाईक. सामाईक म्हणजे सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा म्हणजे ज्याने आधी ड्रिल मारलं त्याचा. क्लासवाल्या सरांनी आपली स्टँडी रोज संध्याकाळी फुटपाथवर आणून ठेवायची आणि खालच्या दुकानदाराने ती रोज चार फूट सरकवायची, असा एक कार्यक्रम तिथे चाललेला असतो. नवं कॉम्प्लेक्स बांधताना प्रवेशाशी सगळ्या गाळ्यांचा एकच मोठा नामफलक लावायची सोय बिल्डरने केली तर यातली निम्मी भांडणं होणारच नाहीत. पण त्या जागेत एखादी टपरी भाड्याने जाऊ शकते, हेही बिल्डरला समजतं.

आता कायद्याकडे. एका बोर्डावर किती जणांची नजर असते हे मोजलं तर गंमत वाटते. बोर्डाची भाषा हा दुकाने व आस्थापना कायद्याचा विषय. मुंबईत ते काम महापालिकेकडे आहे, आपल्याकडे राज्याच्या कामगार विभागाकडे. चौकट रस्त्यावर किती येते, जाहिरात कोणती आणि कर कशावर, हे महापालिकेचं. दिव्याचा भार महावितरणचा. आणि पट्टा गाळेधारक संघाचा. या चौघांनी एकत्र बसून एक बोर्ड बघितलाय, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. ते एकत्र येतात फक्त मिस्त्रीच्या डोक्यात.

भाषेचा नियम जुनाच, पण दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना २०१७ च्या नव्या कायद्यात पळवाट मिळाली होती, आणि कोल्हापूरच्या पेठांत तर बहुतेक दुकानं मालक आणि दोन पोरं एवढीच. मार्च २०२२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. नामफलक मराठीत, देवनागरीत. दुसरी भाषा चालेल, पण मराठी आधी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत, हेही त्यातच. मुंबईतले व्यापारी त्याआधीच न्यायालयात गेले होते. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळून वर २५ हजारांचा खर्च लावला. सर्वोच्च न्यायालयात २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि दसरा-दिवाळी तोंडावर आहे, वकिलांवर घालता तो पैसा बोर्डांवर घाला, अशा अर्थाचं सुनावलं. मिस्त्रीला न्यायमूर्तींची नावं माहीत नाहीत. पण ती दिवाळी लक्षात आहे. "झोप न्हवती राव. एसीपी शीट मिळंना, लेटर कापायला नंबर लावायचा."

दंडाचा हिशेब मात्र त्याने कुणाला सांगू नये असाच आहे. कायद्यात आकडा एक लाखापर्यंतचा दिसतो, पण पुढे अशीही मर्यादा आहे की एकूण दंड कामगारामागे दोन हजारांच्या वर जाऊ नये. दोन पोरांच्या दुकानाला तो किती बसेल ते तुम्हीच करा. उजेडाच्या अक्षरांचा बारा फुटी बोर्ड त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. तरी कोल्हापुरात लोकांनी मराठी बोर्ड केले ते दंडाला भिऊन, असं मला वाटत नाही. इथे गिऱ्हाईक मराठीच वाचतं आणि तरुण मंडळं त्याहून बारकाईने वाचतात.

'लहान नको' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न कागदावर उभाच राहत नाही, तो टेप लावल्यावर राहतो. रोमन कॅपिटल अक्षर बारा इंच म्हटलं की वरपासून खालपर्यंत बारा इंच. देवनागरीत बारा इंच कुठून कुठे? शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरलं तर वेलांटी, मात्रा आणि रफार वर राहतात, उकार खाली लोंबतो. 'सुपर कलेक्शन' लिहायचं तर 'सु'चा उकार खाली आणि 'ले'ची मात्रा वर, असा दोन्हीकडे पट्टा खर्ची पडतो. सगळं मिळून बारा इंच धरलं तर अक्षराचं अंग आठ-नऊ इंचच उरतं, आणि खालच्या इंग्रजीपेक्षा मराठी लहान दिसतं. तीन फुटांच्या पट्ट्यात दोन्ही भाषा, मोबाइल नंबर आणि कोपऱ्यात गणपती. म्हणून मिस्त्रीने स्वतःचा कायदा केलाय: अंगाला अंग. मराठी अक्षराचं अंग इंग्रजी कॅपिटलएवढं, मात्रा-उकार हिशेबाबाहेर. नियमात हे कुठेही नाही. पण मोजता येणारा अर्थ लावल्याशिवाय कारागिराला शीट कापता येत नाही, आणि तपासायला येणारा माणूसही डोळ्यांना सारखं दिसलं की पुढे जातो.

या अंगाची किंमत वेगळी मोजावी लागते. उठावाची अक्षरं उंचीच्या इंचावर विकली जातात. इंग्रजीत आठ अक्षरं म्हणजे आठ सुटे तुकडे. एक तिरपं बसलं तर तेवढंच काढून पुन्हा लावायचं. मराठीत शिरोरेषेने शब्द एकसंध होतो, पाच-सहा फूट लांबीचा एकच नग. तो दोघांनी धरून शिडीवर चढवायचा, पाणसळ लावायची, मगच स्क्रू. आतल्या एलईडी मॉड्यूलला बसायला जागा लागते; शिरोरेषा बारीक ठेवली तर त्यात मॉड्यूल मावत नाही आणि रात्री अक्षरं पेटतात, रेघ विझलेली राहते. म्हणून डिझाइन करणारा पोरगा शिरोरेषा जाड करतो, 'ळ'ची पोटं रुंद करतो. कडेने अक्षराची खोली कमी ठेवली तर दिव्यांचे ठिपके ठिपके दिसतात, अंगावर पुळ्या आल्यासारखे. सर्वांत वाईट अनुस्वार. तो शब्दापासून सुटा, त्याला स्वतंत्र वायर आणि दोनच चिकटपट्ट्या. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात जातो तो अनुस्वारच. राजारामपुरीच्या गल्ल्यांतून मान वर करून चाललात तर अनुस्वार पडलेले किती 'कापड भाडार' आणि 'रगमहाल' दिसतील ते बघा.

हे सगळं ज्या गावात चाललंय तिथे 'पेंटर' हे आडनाव झालं आहे. १८९० साली जन्मलेले बाबूराव मेस्त्री चित्रं आणि नाटकाचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवली. त्या परंपरेतले पाटीवाले उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही करायचे. आमच्या मिस्त्रीच्या वडिलांची सही असलेली एक पत्र्याची पाटी पापाच्या तिकटीकडे परवापर्यंत होती म्हणे. आता कोपऱ्यात मोबाइल नंबरचा स्टिकर असतो.

महापालिकेच्या कायद्यातली कलमं २४४ आणि २४५ आकाशचिन्हं आणि जाहिरातींबद्दल आहेत. त्यांचा रोख मुख्यतः गच्चीवर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या राहणाऱ्या सांगाड्यांवर आणि परक्या मालाच्या जाहिरातीवर. आपल्याच जागेत आपल्याच धंद्याची पाटी लावणाऱ्याला त्यात मूळची सवलत आहे. गोंधळ होतो तो 'कंपनीच्या बोर्डा'त. रंगाची, शीतपेयाची, मोबाइलची कंपनी दुकानदाराला बोर्ड फुकट करून देते. दहा फुटांतले सात फूट कंपनीचे, तीन फूट दुकानाचे. ही पाटी की जाहिरात? दुकानदार म्हणतो पाटी, कारण नाव त्याचं. कंपनीने पैसे दिले ते जाहिरातीसाठी, हे उघड आहे. मला विचाराल तर ही जाहिरातच, आणि कर कंपनीने भरावा. पण कंपनी मुंबईत आणि नोटीस लावायची तर शटर इथलं.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना ते १२० बाय १२० चं होतं. त्यानंतर राज्यभर होर्डिंगच्या सांगाड्यांच्या तपासणीचा धोशा लागला. पण वाढदिवसांच्या फ्लेक्सना, म्हणजे आपल्या भाषेत 'डिजिटल'ना, असली कुठली चाचणी लागत नाही. साताऱ्यातल्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्येच सगळ्या महापालिकांना बेकायदा फलक हटवायला बजावलं होतं. दुकानदाराचा राग इथेच आहे: मी तीन फुटांत बसतो, दोन इंचांसाठी शेजाऱ्याशी भांडतो, आणि माझ्या बोर्डावर कोणीतरी 'भावी नगरसेवक' आडवा टांगतो. काढायला जायची सोय नाही. गिऱ्हाईकही त्यांचंच.

नव्या मालकाचा बोर्ड शेवटी तीन फूट दोन इंचांवर ठरला, कापडवाल्याच्या बरोबरीने. मोबाइलवाल्याने आपले तीन इंच उतरवायचे मान्य केले नाहीत. पुढच्या वेळी बोर्ड बदलला की बघू, म्हणाला. मिस्त्रीने आतल्या बाजूने लोखंडी चौकटीला दोन जादा फास्टनर मारले. वायर आणि दिव्यांना वीज देणारा एसएमपीएस वर, शटरच्या डब्याच्याही वर. "पंचगंगा काय सांगून येत्या व्हय?" ही राजारामपुरी, इथे पाणी येत नाही, असं मालक म्हणाला तरी त्याने ऐकलं नाही, कारण शाहूपुरीत आणि व्हीनस कॉर्नरला २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर केलेली कामं त्याच्या हातात बसली आहेत.

त्याच संध्याकाळी त्याच्या फोनवर निपाणीच्या एका कॉम्प्लेक्सची ऑर्डर होती. तासाभराचा रस्ता, पण कागल ओलांडून कोगनोळी गाठली की कायदा बदलतो: कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर बोर्डाचा ६० टक्के भाग कन्नडला, तोही वर. गिऱ्हाईक मराठी, दुकानदार मराठी, बोर्डावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही हव्यात. पोरगा कॉम्प्युटरवर चौकोन आखत बसला होता. साठ टक्के पट्ट्याचे धरायचे की अक्षरांचे? मोकळी जागा कोणाच्या खात्यात? आणि दुकानदाराने पाठवलेला देवाचा फोटो, तो कुठल्या भाषेत? मिस्त्रीने पोराला फोटो आधी खाली सरकवायला सांगितला, आणि निपाणीवाल्याला फोन लावून पहिला प्रश्न विचारला तो शेजारच्या दुकानाच्या बोर्डाच्या मापाचा.