काळे वेष्टन व चूर्णाचे रक्षण

चूर्णांसाठी काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या वापराव्यात काय, असा प्रश्न औषधनिर्मात्या व औषधविक्रेत्या बंधूंपुढे वारंवार उभा राहतो. काळी पिशवी सर्व दोषांपासून रक्षण करते, ही समजूत आम्हांस अर्धीच खरी वाटते.

हा काळा रंग म्हणजे कार्बन ब्लॅक, आपल्या परिचयाच्या काजळीचाच कारखान्यात घडलेला भाऊबंद. त्याचे मूळ कण बहुधा १० ते १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजारांश भागाहून मोठे नसलेले. पॉलिथिलीनमध्ये ते शेकडा २ ते २.५ भाग नीट विखुरले की अतिनील किरण शोषून घेतात. शेतातील काळ्या जलवाहिन्या उन्हात वर्षानुवर्षे टिकतात त्या यामुळेच. हळदीसारखे प्रकाशाने फिके पडणारे द्रव्य अशा वेष्टनात अधिक सुरक्षित राहते.

आर्द्रतेचे मात्र तसे नाही. प्रकाश कणावर अडतो. पाण्याची वाफ दोन कणांमधील प्लास्टिकमधून वाट काढते. ओव्यासारख्या द्रव्यांचे उडनशील तेलही त्याच वाटेने बाहेर जाते. ग्राफीनसारखे पत्र्याच्या आकाराचे कण पसरून बसविल्यास ही वाट नागमोडी व लांब होते खरी. पण त्यांचे गठ्ठे झाले तर पटल दुबळेच होते. लवणभास्करासारख्या क्षारयुक्त चूर्णास ॲल्युमिनियमचा थर असलेले वेष्टन किंवा घट्ट बुचाची काचेची बाटलीच इष्ट.

पिशवी भरताना घर्षणाने विद्युत्‌भार साठतो, चूर्ण तोंडाशी चिकटते व सील कच्चे राहते. कार्बनचे कण एकमेकांस जवळजवळ भिडतील इतके वाढविले की पटल एकाएकी वीजवाहक होते व भार निघून जातो. परंतु साध्या कार्बन ब्लॅकचे त्यासाठी बहुधा शेकडा १० हून अधिक प्रमाण लागते आणि पटल ठिसूळ बनते. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमांत अन्नाला स्पर्श करणाऱ्या प्लास्टिकसाठी हीच मर्यादा शेकडा २.५ आहे. तेव्हा अशी वीजवाहक पिशवी चूर्णास थेट लागू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून कार्बनचे प्रमाण व रंगद्रव्य आयएस ९८३३ या भारतीय मानकात बसते काय, हे लेखी घ्यावे. शिवाय पावसाळ्यात सीलबंद पिशव्या दर आठवड्यास सूक्ष्म तराजूवर तोलाव्यात. वजन वाढू लागले, तर वेष्टन बदलावे.