दहिवरातली काढणी

धणे काढायला बाया तांबडं फुटायच्या आत रानात उतरतात. गंगाखेडच्या गोदाकाठच्या काळ्या रानात हरभऱ्याच्या कडेला धण्याची चार तासं असतात, बहुतेक घरच्या मसाल्यापुरती. दहिवर आहे तोवरच विळा चालवायचा. ऊन चढलं की झुबके कडकडीत होतात, हात लागताच दाणे भेगाळल्या जमिनीत जातात आणि मग ते वेचणं कुणालाच जमत नाही.

एकाच झाडावर मधला झुबका पिवळा पडलेला, बाजूचे अजून हिरवे. हिरवा दाणा बोटांत चुरगाळला तर ढेकणासारखा उग्र वास येतो. पिवळा चुरगाळा, तो मसाल्याच्या डब्यातला गोड वास. दाणा पिकताना उग्र अल्डिहाइडं कमी होत जातात आणि लिनालूलचा वाटा वाढतो. सगळे झुबके वाळायची वाट पाहिली तर आधी पिकलेले गळतात. घाई केली तर वास कच्चा. “निम्मे पिवळे झाले की कापायचं, मावशी,” असं बांधावरची एक जाणती बाई नव्या मजुरणीला सांगत होती. पेरणीपासूनचे दिवस मोजण्यापेक्षा मला हा नजरेचा अंदाज जास्त भरवशाचा वाटतो.

कापलेले कडपे सावलीत वाळतात. तेल उडून जाऊ नये आणि रंग टिकावा म्हणून ही सावली. मग ताडपत्रीवर काठीने बडवायचं, पण हलक्या हाताने. धण्याचा दाणा म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन फाका, जोराचा फटका बसला की त्या सुटतात. पेरताना मात्र धणे मुद्दाम चपलेखाली रगडून फोडतात, कारण प्रत्येक फाकेत एक बी असतं. शेवटी सुपाने पाखडून काडीकचरा काढायचा.

धण्याच्याच कुळातले ओवा, शेपू, बडीशेपही इथल्या स्वयंपाकात आहेत. जिरं मात्र विकतचं: त्याला कोरडी थंडी लागते, ढगाळ हवेत करपा येतो, म्हणून ते गुजरात-राजस्थानातून येतं.

नवे धणे आले की येसर मसाल्याची तयारी सुरू होते. सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, मिरे, लवंग, सगळं वेगवेगळं भाजायचं. धणे मंद आचेवर, करपू न देता. दाण्याच्या आतल्या बारीक नळ्यांत तेल असतं आणि दळल्यावर त्या फुटतात, वास उडू लागतो. म्हणून लागतील तेवढेच धणे कांडपाला जातात, उरलेले अख्खेच डब्यात राहतात.