सोलर पंपामागचा हिशोब कोणी तपासला?

पाथरीहून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, कापसाच्या नाहीतर उसाच्या शेतात सोलरच्या प्लेटा दिसतातच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बाकीचे सरकार देते, असे आपण म्हणतो. पण सरकार देते म्हणजे आपणच देतो. साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक घर टॅक्स भरतेच ना!

मग हा पैसा कोणत्या आकड्यावर खर्च होतो, हे विचारायला नको का?

पंपाशिवाय दुसरी मोठी योजना आहे, ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0’. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. लक्ष्य 16,000 मेगावॅट. दिवसा वीज मिळाली तर रात्री सापा-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जायची गरज नाही, हा फायदा खराच आहे. शिवाय 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून बिल माफ आहे आणि त्याबद्दल सरकार महावितरणला वर्षाला सुमारे 14,760 कोटी रुपये देणार, असे योजना आली तेव्हा सांगितले गेले.

या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: शेतीला वीज लागते किती? आणि खरा मसला इथेच आहे. राज्यातल्या लाखो पंपांना मीटरच नाही. त्यांचा वापर एचपीवरून, अंदाजाने धरला जातो. समजा शाळेत एका वर्गाची हजेरी घेतली, बाकीच्या वर्गांची अंदाजाने भरली आणि त्यावर खिचडीचा तांदूळ मागवला, तर काय होईल? तांदूळ जास्त आला तर जास्तीचा गेला कुठे, हे कोण सांगणार? विजेतही तसेच. शेतीच्या नावावर जास्त वापर दाखवला की चोरी आणि गळती त्याखाली झाकली जाते. बदनामी शेतकऱ्याची होते, भुर्दंड दुकानदार आणि कारखान्यांच्या बिलात येतो.

हा अंदाज तपासण्याचा प्रयत्न झाला. राज्य सरकारने विश्वास पाठक यांच्या अध्यक्षतेखाली कृषिपंप वीजवापर सत्यशोधन समिती नेमली, तिच्यासाठी आयआयटी मुंबईने अभ्यास केला. नंतर वीज नियामक आयोगानेही कार्यगट नेमला आणि 30 मार्च 2020 च्या दर आदेशात महावितरणचा शेती वापराचा दावा जसाच्या तसा मान्य केला नाही. त्यातला काही भाग गळतीत धरला. माझ्या मते एवढी तपासणी प्रत्येक नव्या सौर योजनेआधी व्हायला हवी.

नाही झाली तर काय होते, ते उत्तर आयर्लंडमध्ये दिसले. तिथे नोव्हेंबर 2012 मध्ये लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरला सबसिडी सुरू झाली. बाहेरच्या सल्लागार कंपनीच्या अहवालावर दर ठरले. सबसिडी इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त निघाली आणि वरची मर्यादाही नव्हती! म्हणजे जितके जाळाल तितकी कमाई. रिकाम्या शेडसुद्धा गरम केल्या जात असल्याच्या तक्रारी आल्या. एका उद्योजिकेने अधिकाऱ्यांना वेळेत सांगितले होते, कोणी मनावर घेतले नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये योजना बंद झाली, पुढच्या जानेवारीत या वादातून तिथले सरकार कोसळले. न्यायमूर्ती पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च 2020 मध्ये आला. त्यात दिसले की चूक फक्त सल्लागारांची नव्हती. अहवाल हातात घेणाऱ्या खात्याने तो नीट तपासलाच नव्हता.

आपल्याकडचे पंपाचे कोष्टकही असेच विचारून घ्यावे. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर 7.5. पण पाणी एकरावर नाही, खोलीवर अवलंबून असते. जायकवाडीच्या कालव्याजवळची विहीर आणि लांबच्या कोरड्या रानातला बोअर, दोन्हीला एकच माप कसे पुरेल? फॉर्म भरताना पाण्याची खोली खरी सांगा, आणि कंपनी निवडण्याआधी पंपाचा हेड किती मीटरचा आहे ते विचारून घ्या.

आणि महावितरणचे दर ठरवताना आयोग जी जनसुनावणी घेतो, तिथे लेखी हरकत कोणीही देऊ शकतो. वकील लागत नाही. मराठवाड्याची सुनावणी छत्रपती संभाजीनगरला होते. आपल्यातली शिकलेली मुले अर्ज मराठीत सहज लिहू शकतात.