बिनगिअरची सायकल आणि दुखावलेलं मनगट

सायकलवरून पडताना माणूस हात टेकतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडू शकतं. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने मिळतं. म्हणून कोपराकडचा तुकडा जुळायला कधीकधी महिने लागतात. पहिल्या एक्स-रेत भेग दिसेलच असं नाही. ‘मुरगळलं असेल’ म्हणत तेल चोळत बसणं महागात पडतं.

प्लास्टर निघाल्यावर बिनगिअरची सायकल सोयीची वाटते, कारण अंगठ्याने गिअर बदलायचे नसतात. चढावर मात्र हलका गिअर नसल्याने उभं राहून हँडल खेचावं लागतं, आणि ताण मनगटावरच येतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट रस्त्यापासून सुरुवात करावी. ब्रेक नीट आवळता येतो का, हे आधी उभ्या सायकलवर पाहावं. चढ आलाच तर खुशाल उतरून ढकलावी.